एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आणि आमची आई

माझी मोटारसायकल विकायला निघाली ती आईच्या एका अटीमुळे. गाडी घरी आली त्याच दिवशी तिने मला देव्हाऱ्यातल्या विठोबासमोर उभं केलं आणि वदवून घेतलं, की ही रस्त्यात एकदा जरी बंद पडली तर विकून टाकायची, मग रडायचं नाही. मी लगेच हो म्हटलं. हातात नव्या गाडीची चावी असताना माणूस कशालाही हो म्हणतो.

नवी म्हणजे माझ्यासाठी नवी. होती सेकंडहँड, पण कसली! चार सिलिंडरची, निळी, पुढे वाकून बसायची स्पोर्ट बाईक. म्हैसूरच्या आमच्या सरस्वतीपुरमच्या गल्लीत, निवृत्त मास्तरांच्या स्कूटरींच्या रांगेत ती उभी राहिली की पंगतीत कुणी घोडा आणून बांधल्यासारखं दिसायचं. मी गुरांची डॉक्टर आहे. पिरियापट्टणच्या पलीकडे, तंबाखूच्या शेतांमधल्या गावांत माझं काम. दोन बस बदलून शेवटी पायपीट करण्यापेक्षा गाडी सोयीची, असं मी सगळ्यांना सांगत असे. खरं कारण वेगळं होतं. सकाळचा तो रस्ता मला फार आवडतो. तेवढ्या वेळात कुणाची म्हैस अडलेली नसते आणि कुणी माझ्या लग्नाचं विचारत नाही. हेल्मेटच्या आत मी आपली मोठमोठ्याने गात जाते. गाडी गेली असती तर नोकरी तशीच राहिली असती, पण मी निम्मी झाले असते.

अण्णा, म्हणजे माझे वडील, शिंपी. घराची पुढची खोली हेच त्यांचं दुकान. अण्णा पँट-शर्ट शिवतात, आई ब्लाऊज. आमचं घराणं कधी म्हैसुरात आलं ते आता कुणालाच आठवत नाही. घरात मराठीच बोलतो, पण त्या मराठीला कन्नडची फोडणी दिल्याशिवाय आमचं भागत नाही. गाडी घ्यायच्या बाबतीत अण्णा माझ्या बाजूने होते, म्हणजे ते गप्प बसले होते. आईसमोर गप्प बसणं हेसुद्धा आमच्या घरात धाडसच.

बिघाडाची सुरुवात किरकोळ झाली. मीटरवर एक पिवळा दिवा लागला, शेजारी बिघाडाचा नंबर. मग गाडी हळू चालवताना जड वाटायला लागली, वेग घेतला की पुन्हा बरी. आणि चावी फिरवल्यावर सीटखालून येणारा आवाज बदलला. एरवी तिथून “झुईं, झुईं” असा लांबलचक आवाज यायचा. आता “झु” म्हणायची आणि “टक” करून थांबायची.

हा आवाज कशाचा, ते सांगते, म्हणजे पुढचं समजेल. या गाडीच्या धुराच्या नळीत एक झडप असते, तिला एक्झॉस्ट व्हॉल्व्ह म्हणतात. गाडी हळू असताना ती धुराची वाट अरुंद करते, गाडी जोरात पळायला लागली की मोकळी करते. म्हणून हळू चालतानाही इंजिनात दम राहतो. सीटखाली एक छोटी मोटर असते, ती दोन केबल ओढून खालची झडप फिरवते. चावी फिरवली की मोटर एकदा झडप पूर्ण उघडून आणि पूर्ण मिटून बघते. तोच तो झुईं आवाज. झडप अर्ध्यात अडली की मोटर हात टेकते आणि पिवळा दिवा लावते.

मी दिव्याकडे दुर्लक्ष केलं. डॉक्टर लोक स्वतःच्या दुखण्याकडे करतात तसंच. आणि एका संध्याकाळी घरी परतताना, वाटेतल्या येलवालच्या गतिरोधकापाशी मी वेग कमी केला, तर गाडी गचके खाऊन बंद पडली. मागे तंबाखूच्या गाठींनी भरलेली लॉरी. ड्रायव्हरने हॉर्न वाजवून माझा आणि गाडीचा एकत्रच उद्धार केला. मी गाडी ढकलत कडेला घेतली. थोडी गार झाल्यावर ती चालू झाली आणि मुकाट घरी आली. पण त्याच वेळी बाजूने गेलेल्या बसमध्ये आमच्या गल्लीतल्या एक बाई खिडकीत बसल्या होत्या. मी घरी पोचायच्या आत बातमी पोचली होती.

“थांबली ना?” आई दारातच उभी होती. “लॉरीसमोर थांबली ना? साकु, पुरे आता. विकायची.”

“आई, किरकोळ आहे गं. दुरुस्त होईल.”

“विठोबासमोर हो म्हणून गेलीस. तेव्हा काय सुम्ने म्हणालीस?”

सुम्ने म्हणजे उगीचच. आमच्या घरात या शब्दाने जितकी भांडणं संपतात तितकीच सुरू होतात. हे सुरू झालं आणि तिथेच संपलंसुद्धा, कारण आईने फोन उचलला आणि आत्याच्या जावयाला रविवारी संध्याकाळी गाडी बघायला बोलावून घेतलं. त्या गृहस्थाचा माझ्या गाडीवर पहिल्यापासून डोळा होता. घरी आला की गप्पा मारता मारता तिच्या टाकीवरून हात फिरवायचा. मला ते बघवायचं नाही.

बंगळूरच्या एका मेकॅनिकला मी फोन केला. त्याने दिव्याने दाखवलेला नंबर ऐकला आणि गाडी न बघताच निदान केलं, की मोटर गेली, नवी मागवा, यायला खूप दिवस लागतील. माझं डोकं फिरलं. गाय न बघता फोनवर इंजेक्शन सांगणाऱ्या माणसांवर माझा आधीच राग आहे. दिव्याचा नंबर एवढंच सांगतो की मोटरने सांगितलं ते झडपेने केलं नाही. दोष मोटरचा, केबलचा की झडपेचा, ते कुणीतरी हात लावून बघायला नको का?

रविवारी सकाळी मी अंगणात गोणपाट अंथरलं, गाडी स्टँडवर चढवली आणि हत्यारं मांडली. दुकान बंद होतं. अण्णा बनियनवर बाहेर आले आणि माझ्या शेजारी उकिडवे बसले.

“पेट्रोलात पाणी असणार,” ते म्हणाले.

“नाही अण्णा.”

“मग प्लग. नक्की प्लग.”

“तुम्ही फक्त धरा.”

आई पायरीवर सूप घेऊन बसली होती. तांदूळ निवडत होती. आमच्याकडे बघत नव्हती, म्हणजे सगळं बघत होती.

जनावर तपासताना मी एक गोष्ट शिकले आहे. दुखतंय कुठे हे जनावर सांगत नाही, आणि मालक जे सांगतो त्यातलं निम्मं खोटं असतं. तेव्हा एकेक अवयव सुटा धरून बघायचा. मी सीट काढली. मोटरच्या चकतीवर दोन केबल अडकवलेल्या होत्या. त्या सोडवल्या की मोटरला खेचायला काही उरणार नाही. मग ती मोकळी फिरली तर मोटर निर्दोष. केबलचे नट सैल करायला मी पाना लावला, तोच अण्णांनी माझा हात धरला.

“थांब. आधी खूण.”

ते आत जाऊन शिवणाचा खडू घेऊन आले. निळा, कापडावर आखायचा, कडा झिजून पात्यासारखी झालेली वडी. नट जिथे होते तिथे त्यांनी दोन्हीकडे बारीक रेघ ओढली. कुठलीही शिवण उसवण्याआधी अण्णा खूण करतातच. मग त्यांच्या सडपातळ बोटांनी केबलची टोकं अलगद सोडवली; माझी बोटं तिथे शिरतच नव्हती.

मी चावी फिरवली.

“झुईं, झुईं.” पूर्ण. एकदा इकडे, एकदा तिकडे.

“मोटर ठणठणीत!” मी ओरडलेच. बंगळूरच्या त्या मेकॅनिकला फोन लावून हा आवाज ऐकवावा असं मनापासून वाटलं. पायरीवरचं सूप क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

आता केबल. मी गाडीखाली आडवी झाले आणि खालची टोकंही सोडवली. अण्णा वरून एक टोक ओढायचे, मी खालून दुसरं. तार न अडखळता सरकत होती, कुठे खरखर नाही, कुठे तुटका धागा नाही. केबलही बऱ्या. उरली झडप.

झडपेच्या दांड्याला बाहेरच्या अंगाला एक छोटं चाक असतं, त्यावर केबल बसतात. त्यावर खरं तर एक झाकण असतं, पण आधीच्या मालकाने ते कुठेतरी हरवलं होतं. मी चाक बोटांनी फिरवून बघितलं. हललं नाही. पकडीने धरून जरासा जोर लावला, तेव्हा करकर करत थोडं फिरलं आणि पुन्हा रुतलं. दुखणं सापडलं होतं. मला इतका आनंद झाला की पाठीखाली खडा रुततोय हेही मी विसरले.

पण झडप रुतली कशी? नळीतल्या धुराची काजळी आतून बसते, ते मला माहीत होतं. इथे मात्र घाण बाहेरून होती. दांड्याभोवती काळंकुट्ट, चकचकीत कवच चढलं होतं. मी ते नखाने खरवडलं आणि तुकडा अण्णांच्या तळहातावर ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, वास घेतला.

“हे तेल,” ते म्हणाले. “जळलेलं तेल. तव्याच्या कडेला बसतं ना, तसं.”

“इंजिनचं तेल इथे येणं शक्य नाही, अण्णा. आणि इथे कुणी तेल घालत नाही. ही जागा इतकी तापते की तेल जळून त्याचा गोंद होतो.”

अण्णा खाली वाकून चाकाच्या मागे बघत होते. तिथे बोल्टपाशी काहीतरी चिकटलं होतं. त्यांनी चिमटीत धरून ते ओढून काढलं. बोटभर दोरा होता. अर्धा काळा, अर्धा पोपटी.

अण्णांनी तो दोरा उजेडात धरला. मग मान वळवून पायरीकडे बघितलं. पोपटी रंगाचं काम दुकानात त्या महिन्यात एकच आलं होतं, एका लग्नाच्या ब्लाऊजचं, आणि त्याच्या उरलेल्या चिंध्या आईच्या मशीनच्या खणात होत्या. आई मशीन पुसते ती त्याच चिंध्यांनी.

“मी घातलं तेल,” आई म्हणाली. कुणी विचारायच्या आतच. “काय झालं मग?”

आमच्या घरी दर शुक्रवारी दिवेलागणीच्या आधी मशिनी पुसतात, त्यांना तेल देतात आणि हळदकुंकू लावतात. हे काम आईचं. आयुधपूजेला तर घरातल्या प्रत्येक फिरणाऱ्या वस्तूला तिच्या हातचं तेल मिळतं, मिक्सरला, दाराच्या बिजागऱ्यांना, अण्णांच्या सायकलला. दसऱ्यात माझ्या गाडीलाही हार पडला होता, चाकाखाली लिंबं ठेवली होती. पण त्यानंतर दर शुक्रवारी मी घरी येऊन आंघोळीला गेले की आई कुपी घेऊन बाहेर येत होती, हे कुणाला माहीत होतं?

“पण नेमकं तिथेच का गं घातलंस?” मी गाडीखालून बाहेर आले. माझा आवाज चढला होता. “अख्ख्या गाडीत तुला तीच जागा मिळाली?”

“त्याला चाक आहे. चाकावर दोरी आहे. दोरीने फिरतंय. मशीनला असतंय तसंच!” तिचाही आवाज चढला. “बाकीचं सगळं झाकून ठेवलंय तुझ्या गाडीत, काय कळतंय मला त्यातलं? हे एक दिसलं, कळलं. तेल सुकलेलं वाटायचं, आणखी एक थेंब घालायची. माझ्या मशीनला घालते, ह्यांच्या मशीनला घालते, तेव्हा कुणी विचारत नाही. तू लॉऱ्यांमधून जातेस रोज. तिला नको घालू?”

गाडी आली त्या दिवसापासून आई गाडीशी बोलली नव्हती. पूजेच्या दिवशी कुंकू लावतानासुद्धा तोंड वाकडं केलं होतं. आणि तापलेल्या नळीजवळ वाकून, हात भाजेल याची पर्वा न करता, ती दर आठवड्याला तिला तेल पाजत होती. मला हसू येत होतं.

“तापलेल्या जागी तेल जळतं गं आई,” मी शेवटी म्हटलं. “जळून चिकटतं. झडप त्यानेच अडकली.”

ती सूप बाजूला ठेवून उठली.

“म्हणजे येलवालला लॉरीपुढे तुला मीच थांबवलं.”

“तसं नाही गं.”

“तसंच आहे,” म्हणून ती आत गेली.

अण्णा तिच्या मागे जायला निघाले, पण दारापर्यंत जाऊन परत आले. अशा वेळी तिच्या वाटेला जाण्यात अर्थ नसतो, हे ते संसारात केव्हाच शिकले आहेत. आम्ही दोघं कामाला लागलो. मी सफाईचा स्प्रे मारून काळं कवच भिजवलं, तारेच्या ब्रशने घासलं, चाक दोन्ही बाजूंना पुन्हा पुन्हा हलवलं. आधी केसभर, मग बोटभर, मग एकदम सुटलं आणि शेवटच्या टोकापर्यंत फिरलं. दांडा कोरडा पुसला. तेलाऐवजी उष्णतेला टिकणारी तांबूस पेस्ट असते, ती काडीच्या टोकाने लावली. केबल चढवल्या आणि अण्णांनी नट बरोबर खडूच्या रेघेवर आणून आवळले. चावी फिरवल्यावर आवाज पूर्ण आला. गल्लीतून एक चक्कर मारून आले, गाडी अगदी सावकाश चालवली, तरी कुठे गचका नाही. थोड्या वेळाने पिवळा दिवाही गेला.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिले. आई रवा भाजत होती, संध्याकाळच्या पाहुण्यासाठी.

“आई, गाडी बरी झाली. दोष गाडीचा नव्हताच. मग आता विकायचं कारण नाही ना?”

“थांबली ती थांबली,” ती रव्याकडे बघत म्हणाली. “कुणामुळे का असेना. आज माझ्यामुळे, उद्या आणखी कशाने थांबेल. मला ते सहन होत नाही.”

ती रागाने म्हणाली असती तर मी भांडले असते. दुपारी मी गाडी धुतली. निळा रंग इतका छान दिसत होता की मला आणखीच वाईट वाटलं. अण्णा दुकानात शिवायला काही नसताना मशीनवर बसून राहिले.

आत्याचा जावई चारच्या सुमारास आला. आल्या आल्या त्याने टाकीवरून हात फिरवला. चावी मागितली. मी द्यायला पुढे झाले, तोच आई उप्पीट आणि कॉफी घेऊन बाहेर आली.

“आधी खाऊन घ्या, जावईबापू. आणि गाडीचं काही खरं नाही, ते आधीच सांगते. बोलावलं तेव्हा मला माहीत नव्हतं.”

“का, काय झालं मामी?”

“आजारी आहे,” आई म्हणाली. “चावी फिरवली की झुईं करून आवाज पूर्ण यायला पाहिजे. येत नाही. अर्ध्यात टक करून थांबतं. सकाळी गार असताना फाटकातून बाहेर पडते तेव्हा निदान ओढते तरी, संध्याकाळी तापून येते तेव्हा दम लागलेला असतो. गल्लीच्या तोंडाला वळताना वेग कमी केला की गुदमरते, दोन गचके खाते, मग उचलते. पावसाच्या दिवशी जरा बरी असते. हल्ली तर वळणाच्या आधीच गुदमरायला लागली होती.”

यातलं एकही लक्षण मी तिला सांगितलेलं नव्हतं. पावसाच्या दिवशी बरी असते, हे तर माझ्यासुद्धा ध्यानात आलं नव्हतं, आणि ते अगदी खरं होतं.

जावयाने माझ्याकडे बघितलं. “खरंच का?”

“खरं आहे,” मी म्हटलं. “असंच होत होतं.” अण्णांना ठसका लागला आणि ते पाणी प्यायला आत गेले.

“तुमची लेकरं लहान आहेत,” आई त्याच्या बशीत आणखी उप्पीट वाढत म्हणाली. “असली गाडी तुम्हाला नको. बेडा. मी देणार नाही.”

तो बिचारा खाऊन, हळहळून निघून गेला. आई कप-बश्या गोळा करायला लागली. मी तिच्यापाशी गेले.

“तुला हे सगळं कसं माहीत?”

“कसं म्हणजे? रोज ऐकते की. तू गेलीस की दारात उभी राहते, आवाज ऐकू येतो तोवर. मोठ्या रस्त्याला लागलीस की गाडीचा आवाज बसच्या आवाजात मिसळतो, मग दार लावते.”

मला वाटायचं की तो रस्ता माझा एकटीचा आहे. मी तिला मागून घट्ट मिठी मारली. धुऊनही माझ्या हातांना ग्रीस होतं, तिने ओरडायला हवं होतं, पण ती ओरडली नाही.

“विठोबाला मी सांगते काय ते. उद्या जरा लवकर निघ,” ती म्हणाली. “येलवालला नंतर लॉऱ्या वाढतात.”